नळाचं पाणी आणि लोकांचा बातमीदार

मुलांनो, नळाला पाणी आलं की आपण काय करतो? कळशी लावतो, बादल्या भरतो, ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारतो. पाणी गढूळ नाही, वास येत नाही, म्हणजे चांगलं आहे, असं म्हणून पितोही. पण समजा, त्या पाण्यात असं विष मिसळलेलं असेल की ज्याला रंग नाही, वास नाही आणि चवही नाही, तर ते कळणार कसं? बरं, "पाणी उत्तम आहे, खुशाल प्या," असं अधिकारीच सांगत असतील तर?

अशा वेळी खरं काय ते शोधून काढायचं काम कोणाचं? आणि महिनोन् महिने शोध घेत बसणाऱ्या त्या माणसाला पगार कोण देणार?

हे प्रश्न काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या फ्लिंट नावाच्या शहरात उभे राहिले होते. तिथल्या मुलांच्या जिवाशीच खेळ चालला होता. म्हणून ही हकिगत आपण सगळ्यांनी, आणि घरातल्या मोठ्या माणसांनीही, समजून घेऊ या.

पाणी बदललं

अमेरिकेच्या उत्तरेला मिशिगन नावाचं राज्य आहे. फ्लिंट हे त्यातलं मोटारींचं शहर. जगप्रसिद्ध जनरल मोटर्स कंपनी १९०८ मध्ये इथेच सुरू झाली. एके काळी दोन लाखांच्या आसपास लोकवस्ती होती. पुढे कारखाने बंद पडत गेले, नोकऱ्या गेल्या, माणसं गाव सोडून गेली. वस्ती निम्म्यावर आली, म्हणजे साधारण एक लाख. जी माणसं उरली त्यांत गरीब बरीच. शहराच्या तिजोरीत खडखडाट!

मग राज्य सरकारने काय केलं? शहराचा कारभार बघायला प्रशासक नेमला. लोकांनी निवडून दिलेले नगरसेवक होते, महापौरही होते, पण शेवटचा शब्द प्रशासकाचा.

तोपर्यंत फ्लिंटला शंभरेक किलोमीटरवरच्या डेट्रॉइट शहराकडून पाणी मिळायचं. ते यायचं ह्यूरॉन नावाच्या प्रचंड मोठ्या सरोवरातून. पण ते महाग पडत होतं. नवी जलवाहिनी बांधून होईपर्यंत गावातल्या फ्लिंट नदीचंच पाणी शुद्ध करून वापरायचं आणि पैसे वाचवायचे, असं ठरलं. २५ एप्रिल २०१४ या दिवशी डेट्रॉइटचं पाणी बंद झालं आणि नदीचं पाणी सुरू झालं. महापौरांनी आणि अधिकाऱ्यांनी पेले उंचावून ते पाणी प्यायलंसुद्धा!

नळीच्या आतला थर

आता थोडं विज्ञान. पाणी तापवायच्या बंबात डोकावून पाहिलंत तर आतून पांढरट थर बसलेला दिसतो. पाण्याच्या जुन्या नळ्यांतही असा थर बसतो. फ्लिंटमध्ये अनेक घरांना पाणी पोचवणाऱ्या नळ्या शिशाच्या होत्या. पूर्वी तशाच घालत. डेट्रॉइटच्या पाण्यात फॉस्फेट नावाचा पदार्थ थोडासा मिसळलेला असे. त्यामुळे नळीच्या आत एक पातळ थर टिकून राहायचा आणि शिसं पाण्यात उतरत नसे.

नदीचं पाणी धातूला जास्त खाणारं होतं. त्यात फॉस्फेट मिसळायला हवंच होतं. पण ते मिसळलं गेलं नाही. हळूहळू थर सुटू लागला आणि शिसं पाण्यात उतरू लागलं.

शिसं हे लहान मुलांचं शत्रू. ते मेंदूवर परिणाम करतं. मुलाचं लक्ष लागत नाही, शिकायला जड जातं, चिडचिड वाढते. आणि झालेलं नुकसान सहसा भरून येत नाही. आपल्याला वाटतं, पाणी उकळलं की झालं! पण उकळल्याने जंतू मरतात, शिसं जात नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि उरलेल्या पाण्यात शिशाचं प्रमाण वाढतं.

फ्लिंटचे लोक काही महिन्यांतच तक्रारी करू लागले. पाणी पिवळट येतंय, घाण वास येतोय, अंगावर पुरळ उठतंय. पाण्यात जंतू सापडले म्हणून "उकळून प्या" अशा सूचनाही निघाल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये तर एक विचित्रच गोष्ट घडली. या पाण्याने इंजिनाचे भाग गंजतात, असं जनरल मोटर्सच्या लक्षात आलं. त्यांनी आपल्या इंजिनाच्या कारखान्यापुरतं नदीचं पाणी बंद करून दुसरीकडून पाणी घेतलं. म्हणजे लोखंडाला जे पाणी चाललं नाही ते मुलं मात्र आणखी वर्षभर पीत राहिली!

एक आई, एक अधिकारी आणि एक बातमीदार

फ्लिंटमध्ये लीॲन वॉल्टर्स नावाच्या चार मुलांच्या आई राहत होत्या. मुलांच्या अंगावर पुरळ येई. जुळ्यांपैकी एकाची वाढ नीट होईना. त्यांनी हट्ट धरून घरच्या पाण्याची तपासणी करून घेतली. अमेरिकेत पाण्यातल्या शिशासाठी एक मर्यादा आहे. पाण्याचे एक अब्ज भाग केले तर त्यात शिशाचे १५ भाग. त्याच्या वर शिसं आढळू लागलं की पाणीपुरवठा करणाऱ्यांना उपाय करावेच लागतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये वॉल्टर्सबाईंच्या नळाच्या पाण्यात किती निघालं? १०४! पुढच्या तपासणीत ३९७!

"तुमच्या घरातल्याच नळ्या खराब असतील," असं त्यांना सांगण्यात आलं. पण त्यांच्या घरातल्या नळ्या तर प्लास्टिकच्या होत्या! प्लास्टिकमधून शिसं येईल कसं?

केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्यात मिगेल डेल टोराल नावाचे एक अधिकारी होते. त्यांनी स्वतः येऊन ते घर पाहिलं, कागदपत्रं पाहिली आणि जून २०१५ मध्ये आपल्या वरिष्ठांना एक टिपण लिहिलं. पाण्यात फॉस्फेट घातलं जात नाही, हे त्यात होतं. पाण्याचा नमुना घ्यायची पद्धतही चुकीची आहे, असंही त्यात होतं. आधी नळ थोडा वेळ वाहू द्यायचा आणि मग नमुना घ्यायचा, अशी सूचना लोकांना दिलेली असे. अहो, मग नळीतलं शिसं आधीच वाहून जाणार! तपासणीत दिसणार कुठून?

पण खात्यातला कागद खात्यातच राहिला असता तर लोकांना काय कळलं असतं? हे टिपण वॉल्टर्सबाईंनी कर्ट गायेट नावाच्या बातमीदाराला दिलं. ९ जुलै २०१५ रोजी गायेट यांनी ती बातमी प्रसिद्ध केली. बातमीबरोबर ते टिपणही लोकांसमोर ठेवलं.

लगेच सगळं सुधारलं का? छे! राज्याच्या पर्यावरण खात्याच्या प्रवक्त्याने रेडिओवर सांगितलं की शिशाची काळजी वाटणाऱ्यांनी निश्चिंत राहावं.

तीनशे घरांतल्या बाटल्या

नुसतं "आमचं पाणी वाईट आहे" म्हणून कोणी ऐकत नाही. पुरावा लागतो. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठातले प्राध्यापक मार्क एडवर्ड्स आणि त्यांचे विद्यार्थी मदतीला आले. त्यांनी नमुने घ्यायच्या बाटल्यांचे सुमारे ३०० संच फ्लिंटला पाठवले. गावातल्या लोकांनी ते घरोघर वाटले, नमुना कसा घ्यायचा ते समजावलं आणि भरलेल्या बाटल्या परत गोळा केल्या. गायेट आणि त्यांची संस्थाही या कामात होती. अडीचशेहून जास्त घरांतून नमुने आले. शिसं पाण्यात आहे, ते एकाच घरात नाही, गावभर आहे, हे आकड्यांनी सिद्ध झालं.

मग पुढे आल्या लहान मुलांच्या डॉक्टर मोना हॅना-अतीशा. त्यांनी आपल्या रुग्णालयातल्या मुलांच्या रक्ततपासणीचे जुने-नवे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. पाच वर्षांखालच्या ज्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त होतं त्यांचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेलं होतं. म्हणजे दुप्पट! २४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांनी हे पत्रकारांसमोर मांडलं. सरकारी माणसांनी आधी त्यांच्या आकड्यांवरच शंका घेतली, पण आठवड्याभरात त्यांना ते मान्य करावे लागले. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी फ्लिंटला पुन्हा डेट्रॉइटचं पाणी सुरू झालं.

जवळजवळ १८ महिने गेले होते. याच काळात न्यूमोनियासारख्या एका आजाराची साथ फ्लिंट परिसरात आली आणि किमान १२ माणसं दगावली.

आता एक गणित करा. पाण्यात फॉस्फेट मिसळायला दिवसाला साधारण १०० डॉलर खर्च आला असता, असं सांगितलं जातं. दिवस धरा ५४०. किती झाले? ५४,००० डॉलर. आणि पुढे नुकसान भरपाईसाठी जी तडजोड २०२१ मध्ये न्यायालयाने मान्य केली ती होती ६२ कोटी ६० लाख डॉलरची! त्यातला बराच मोठा वाटा त्या वेळी लहान असलेल्या मुलांसाठी ठेवला आहे. रहिवासी आणि काही संस्था यांनी केलेल्या दाव्यामुळे शिशाच्या नळ्या बदलणंही भाग पडलं. जवळपास ११,००० नळ्या बदलून झाल्याचं राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं. म्हणजे बघा, बातमी आल्यावरही काम पुरं व्हायला दहा वर्षं लागली.

बातमीदाराला पगार कोण देत होतं?

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू या. गायेट कुठल्या मोठ्या वर्तमानपत्राचे बातमीदार होते? कुठल्याच नाही!

नागरिकांच्या हक्कांसाठी काम करणारी 'अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन' नावाची एक जुनी संस्था आहे. तिच्या मिशिगन शाखेने त्यांना २०१३ मध्ये नेमलं. त्यांच्या पगाराचे पैसे फोर्ड फाउंडेशन या धर्मादाय संस्थेच्या देणगीतून येत. काम कोणतं दिलं होतं? प्रशासकांच्या हाती सगळी सत्ता गेल्यावर गावांचं काय होतं, याचा शोध घ्यायचं! म्हणून त्यांना एकाच गोष्टीमागे महिनोन् महिने राहता आलं.

वर्तमानपत्रं हे काम करत नाहीत का? करतात. फ्लिंटचं जुनं दैनिक 'फ्लिंट जर्नल' पाण्याच्या बातम्या देतच होतं. पण वर्तमानपत्राचं गणित कसं असतं ते पाहा. अंकाच्या किमतीत कागद-छपाईचा खर्चही पुरता निघत नाही. बाकीचा पैसा येतो जाहिरातींतून. जाहिराती वर्तमानपत्रांकडून इंटरनेटकडे गेल्या आणि लहान शहरांची वर्तमानपत्रं आटू लागली. 'फ्लिंट जर्नल' २००९ पासून रोजच्या रोज छापणं बंद होऊन आठवड्यातून तीन दिवस निघू लागलं. बातमीदार कमी झाले.

त्यातून शोधाची बातमी फार महाग. सभेची बातमी एका संध्याकाळी लिहून होते. शोधाच्या बातमीला कागद मिळवायला अर्ज करावे लागतात, उत्तराची वाट पाहावी लागते, दहा घरं फिरावी लागतात, तज्ज्ञांकडून खातरजमा करून घ्यावी लागते. कधी सहा महिने खपूनही हाती काहीच लागत नाही. पगार मात्र सहा महिन्यांचा द्यावाच लागतो!

म्हणून अमेरिकेत आता नफ्यासाठी न चालणाऱ्या वृत्तसंस्था वाढल्या आहेत. नफ्यासाठी नाही म्हणजे फुकट नव्हे हं! बातमीदारांना पगार असतो. पण उरलेला पैसा कोणी मालक खिशात घालत नाही, तो पुन्हा कामातच घालायचा. अशा संस्थांचा एक संघ २००९ मध्ये स्थापन झाला. आज त्यात ४०० हून अधिक वृत्तसंस्था आहेत. एखादी आपल्या राज्यापुरती, एखादी एका शहरापुरती. फ्लिंटमध्येच 'ईस्ट व्हिलेज मॅगझिन' नावाचं छोटं मासिक १९७६ पासून लोकांच्या मदतीवर आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालत आलंय.

मिशिगनचं सार्वजनिक रेडिओ केंद्रही असंच. आज त्याचं नाव 'मिशिगन पब्लिक' आहे. फ्लिंटच्या पाण्याची हकिगत त्या केंद्राने बारकाईने लावून धरली होती. तिथे ठरावीक दिवसांत निवेदक श्रोत्यांना सांगतात, "तुम्ही ऐकता, तर थोडा हातभार लावा." मग कोणी पाच डॉलर पाठवतं, कोणी पन्नास. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने सार्वजनिक रेडिओ आणि टीव्हीला मिळणारं केंद्राचं अनुदान काढून घेतलं. त्यामुळे अशा केंद्रांचा भार आता आणखीच श्रोत्यांच्या खांद्यावर आला आहे.

देणाऱ्यानेच कान धरला तर?

तुमच्यातला एखादा चौकस विद्यार्थी लगेच विचारेल, "पण पैसे देणाराच म्हणाला की माझ्याविरुद्ध लिहू नका, तर?"

शाब्बास! हा प्रश्न विचारायलाच हवा. जाहिरातदार दबाव आणू शकतो, सरकार आणू शकतं, तसा देणगीदारही आणू शकतो. त्यावर तीन उपाय आहेत. पहिला, मोठ्या देणगीदारांची नावं सगळ्यांसमोर जाहीर करायची. वर सांगितलेल्या संघात सामील व्हायचं तर ही अट पाळावीच लागते. दुसरा, कोणती बातमी द्यायची हे संपादकानेच ठरवायचं, देणगीदाराला त्यात बोलायचा हक्क नाही, हे आधीच लिहून ठेवायचं. तिसरा उपाय सगळ्यांत भक्कम. एकाच माणसाकडून लाख घेण्यापेक्षा हजार माणसांकडून शंभर-शंभर घ्यायचे. एक रुसला तरी काम थांबत नाही.

आणि गायेट यांची संस्था तर एका बाजूने लढणारी. मग त्यांच्या बातमीवर विश्वास कसा ठेवायचा? नुसता ठेवायचाच नाही! म्हणून तर त्यांनी मूळ टिपण लोकांपुढे ठेवलं. ज्याला शंका असेल त्याने वाचावं, तपासावं. नंतर विद्यापीठाने पाणी तपासलं, डॉक्टरांनी रक्ताचे आकडे तपासले. तिघांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन एकच उत्तर काढलं, तेव्हा ते नाकारणं कठीण झालं. गणितात आपण ताळा करून पाहतो ना, तसंच हे.

एक गोष्ट मात्र विसरू नका. हे एकट्या बातमीदाराने केलं नाही. आधी एका आईने प्रश्न विचारला. गावाने बाटल्या भरल्या. पण त्या आईचं म्हणणं गावाबाहेर न्यायला कोणीतरी पूर्ण वेळ मोकळा हवा होता. त्याचा वेळ लोकांच्या देणगीने मोकळा ठेवला होता.

आपल्याकडे

वर्गणी हा शब्द आपल्याला काही नवा नाही. गणपतीची वर्गणी असते, वाचनालयाची असते. मासिकांनाही आपण वर्गणीदारच होतो. बातम्यांसाठी लोकांनी पैसे द्यायचे, हीही त्याच जातीची गोष्ट. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये 'परी' म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' हे काम सुरू केलं. खेड्यापाड्यांतल्या माणसांच्या जगण्याच्या बातम्या ते इंटरनेटवर देतं आणि मराठीसकट अनेक भारतीय भाषांत देतं. वाचायला पैसे पडत नाहीत. ते चालतं देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या मदतीवर. सरकारी कागद मागायला आपल्याकडे २००५ चा माहितीचा अधिकार कायदाही आहे. पण अर्ज करायला, कागद वाचायला आणि त्यातलं खरं-खोटं निवडायला वेळ असलेली माणसं लागतातच.

पालकांना एकच विनंती. घरखर्चाच्या वहीत दूध, वीज, केबल, मोबाइल असे रकाने असतातच. त्यात आपल्या भागातल्या बातम्या कष्टाने शोधणाऱ्या एखाद्या पत्रासाठी किंवा संस्थेसाठी छोटासा रकाना घालता येईल का, पाहा. पैसे देण्याआधी तीन गोष्टी जरूर विचारा. तुम्हाला पैसे कोण देतं? तुमच्या बातमीला पुरावा काय? बातमी चुकली तर ती दुरुस्त करता का? जे याची सरळ उत्तरं देतील त्यांनाच वर्गणी द्या.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचा उपक्रम. वहीचं एक पान घ्या. आपल्या घरी येणारं पाणी कुठल्या धरणातून, नदीतून किंवा विहिरीतून येतं? ते कुठे शुद्ध होतं? त्याची तपासणी कोण करतं आणि तिचे आकडे कुठे पाहायला मिळतात? चौघाचौघांचा गट करा. घरच्या मोठ्यांना बरोबर घेऊन ग्रामपंचायतीत किंवा पाणीपुरवठा कार्यालयात जा आणि नम्रपणे विचारा. कोणाला विचारलं, कोणत्या तारखेला विचारलं आणि काय उत्तर मिळालं, ते जसंच्या तसं लिहून ठेवा. उत्तर मिळालं नाही तर तेही लिहा. पुढच्या शनिवारी ते पान वर्गात मोठ्याने वाचून दाखवा.